परबांची किडनी आणि माझी पांढरी गोळी

"नाव सांगा, मगे उठतंय," असं म्हणून सुलोचनाताई गावडे माझ्या समोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या. बाहेरच्या बाकावर दहा-बारा पेशंट, एक रडणारं पोर आणि दारात उभे दोघे. सगळे आत कान देऊन ऐकत होते. भांडुपमध्ये दवाखान्याचा पडदा फक्त बघण्यापुरता असतो. ऐकायला सगळं मोकळं.

"ताई, नाव कळून तुम्ही काय करणार? गोळी आहे. गुणकारी आहे."

"गोळी आसा ता माका दिसता. नाव काय तिचा?"

त्यांच्या तळहातावर माझ्या दवाखान्याची पुडी होती, चौकोनी कागदाची, नीट घडी घातलेली. ती त्यांना धाकट्या भावाच्या डब्याच्या पिशवीत सापडली होती. तो भाऊ, वसंत परब, शेजारच्या स्टुलावर मान खाली घालून बसला होता. चाळिशीचा माणूस, विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात मशीनवर कामाला. पण बहिणीपुढे तिसरीतला मुलगा झाला होता.

"ताय, गप ऱ्हव गे," तो पुटपुटला.

"तू गप ऱ्हव. तुका कोणी इचारूक नाय." मग माझ्याकडे वळून, "डॉक्टरांनू, किडनी ह्येच्या पोटात आसली तरी माझी आसा. तिका काय खावक घालतात, ता माका कळाक होया."

ते शब्दशः खरं होतं. दीडेक वर्षापूर्वी परबच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा सुलोचनाताईंनी आपली एक काढून दिली होती. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्या किडनीचा सगळा कारभार बाईंनी आपल्याकडे ठेवला होता. परबने काय खायचं, किती पाणी प्यायचं, कारखान्यात कुणाच्या शेजारी बसायचं नाही, सगळं. मामेबहीण सर्दी घेऊन भेटायला आली, तर तिला जिन्यातूनच परत पाठवली होती.

पण पुडीतल्या गोळीचं नाव मी सांगत नव्हतो. का, ते आधी सांगतो.

त्या काळी आमच्यासारखे गल्लीतले डॉक्टर औषध स्वतःच द्यायचे. बाटलीत लाल नाहीतर गुलाबी मिक्श्चर, बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली, एक खूण म्हणजे एक डोस. आणि गोळ्यांच्या पुड्या. कांबळे नावाचे माझे कंपाउंडर होते, मूळचे नगरकडचे. ते स्ट्रिपमधून गोळ्या काढून पुड्या बांधायचे, इतक्या झपाट्याने की जादूचे प्रयोग केले असते तर घर चाललं असतं. स्ट्रिप लगेच फाडून टोपलीत. उघड कारण, पेशंटला सोपं जावं. खरं कारण, नाव कळलं की पुढच्या वेळी पेशंट मला टाळून सरळ केमिस्टकडे जाणार. माझ्या दवाखान्याला लागूनच शहाशेठचं मेडिकल होतं. आम्ही रोज एकमेकांना नमस्कार करायचो आणि एकमेकांवर पाळत ठेवायचो. त्यामुळे गोळीचं नाव विचारणाऱ्या पेशंटला मी आपला ठेवणीतला चेहरा दाखवायचो. तो पाहून बहुतेक जण गप्प बसत. सुलोचनाताई त्या बहुतेकांत नव्हत्या.

आता पुडीत काय होतं ते. साधारण तीन आठवड्यांपूर्वी परब लंगडत आला होता. उजव्या पायाचा अंगठा टम्म सुजलेला, लालबुंद, चादरीचा स्पर्शही सहन होत नव्हता. मी एका नजरेत ओळखलं. गाउट! युरिक ऍसिड नावाचा कचरा रक्तात वाढतो आणि सांध्यात त्याचे सुईसारखे बारीक खडे बसतात. जुन्या पुस्तकांत याला राजेरजवाड्यांचा आजार म्हटलंय. आमच्या दवाखान्यात खोकला, जुलाब, खरूज यापलीकडे काही यायचं नाही. त्यामुळे राजेरजवाड्यांचा आजार चालत आला, तोही लंगडत, याचा मला एवढा आनंद झाला की मी परबला चहा मागवला.

"परब, काय खाल्लंत?"

त्याने दाराकडे बघितलं. "पुतण्याच्या हळदीला मटण. आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं पण. डॉक्टर, तायला सांगू नका. मारून टाकेल ती मला."

"नाही सांगत," मी म्हणालो. पुरुषांनी एकमेकांना एवढी मदत करावी, असं माझं तेव्हा मत होतं.

पुढे मी जे केलं त्यात हुशारी होती, हेच त्यातलं वाईट. गाउटला नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या देतात. पण त्या किडनीला वाईट, आणि ही तर बदललेली किडनी. हे मला माहीत होतं. म्हणून मी विचार केला, आपण मुळावरच घाव घालू. युरिक ऍसिड तयारच होऊ द्यायचं नाही. त्यासाठी एक उत्तम गोळी होती, पांढरी, छोटी. रक्तही तपासलं, युरिक ऍसिड वाढलेलंच होतं. मी कांबळ्यांना दोन बोटांनी खूण केली, महिन्याभराच्या पुड्या बांधल्या गेल्या.

"हॉस्पिटलच्या गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारलं.

"हो, त्या किडनीच्या."

"चालू ठेवा."

झालं. मी नाव विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. गोळ्यांना रंग असतो आणि आकार असतो, नाव असतं हे आमच्या दवाखान्यात कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. नावं लपवता लपवता मी स्वतःही नावं विचारायचं विसरलो होतो. शिवाय माझ्या कॉलेजच्या काळात किडनी बदलणं म्हणजे पुस्तकातला एक परिच्छेद. परीक्षेत येणार नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी एकमताने सोडलेला.

आठवड्याभरात अंगठा उतरला. गाउटची पहिली सूज बऱ्याचदा आपली आपणच उतरते. पण परबने कारखान्यात माझं एवढं कौतुक केलं, की विक्रोळीहून दोन माणसं आपापले अंगठे दाखवायला आली. मी ते कौतुक नम्रपणे स्वीकारलं.

आणि आज परब पुन्हा आला होता. ताप, घसा धरलेला, तोंड आलेलं. मी घशात टॉर्च मारला. टॉन्सिल, असं मनाशी म्हणालो आणि कांबळ्यांना पुडीची खूण करणार, तोच पडदा बाजूला करून सुलोचनाताई आत आल्या आणि बसल्या.

"हॉस्पिटलवाले बघा कशी देतत," त्या म्हणाल्या. "नावासकट देतत. लपवूक काय झाला?" असं म्हणत त्यांनी पिशवीतून एक स्ट्रिप काढली आणि मला लाज वाटावी म्हणून माझ्यापुढे टेबलावर आपटली. "ह्या बघा. अशी देतत."

मी बघितलं. चंदेरी कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, अझाथायोप्रिन.

ते नाव वाचलं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला काहीतरी टोचलं. काय ते आठवेना. फार्माकॉलॉजीचं लेक्चर, दुपारची वेळ, पंखा, झोप. सरांनी एका वाक्यावर बोट आपटलं होतं, एवढंच आठवत होतं. वाक्य झोपेत गेलं होतं.

"दोन मिनिटं," मी म्हणालो आणि आत गेलो.

"कांबळे, माझं ते जाड पुस्तक कुठाय?"

"कुठलं? पुड्यांचे कागद दाबायला ठेवलंय ते?"

तेच. कागदांचा गठ्ठा बाजूला केला, पुस्तक उघडलं. पांढऱ्या गोळीचं नाव शोधलं. अलोप्युरिनॉल. उपयोग, डोस, परिणाम. आणि खाली लहान टायपात एक परिच्छेद. तो मी तीनदा वाचला. पहिल्यांदा कळला, दुसऱ्यांदा पटला, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचला, तरी तेच लिहिलेलं होतं.

"डॉक्टर, पाणी देऊ?" कांबळे म्हणाले. "रंग गेलाय तुमचा."

मी बाहेर येऊन परबचा हात हातात घेतला. ताप आता मला निराळा वाटला. तोंडातले ते पांढरे चट्टेही.

माझा फोन गेले चार दिवस बंद होता. रस्ता खणला की फोन जायचे, आणि रस्ता नेहमीच खणलेला असायचा. जवळचा चालू फोन एकच, शहाशेठचा. मी तिघांना घेऊन, म्हणजे परब, बहीण आणि ती स्ट्रिप, मेडिकलमध्ये शिरलो. मागोमाग बाकावरचे चार-पाच पेशंटही आले. करमणूक अर्धवट सोडून कोण जातं?

हॉस्पिटलचा नंबर लागला. किडनी विभागातला एक तरुण डॉक्टर फोनवर आला. लाइनवर खरखर एवढी, की जणू कुणी पापड भाजत होतं.

"मी परबांचा फॅमिली डॉक्टर. तुमचा ट्रान्सप्लांटचा पेशंट. त्याला मी एक गोळी दिलीय."

"कुठली?"

"अलोप्युरिनॉल."

"ऐकू नाही आलं, सर!"

"अलोप्युरिनॉल!"

"काय? पॅरासिटामॉल?"

मग मी शहाशेठच्या काउंटरवर कोपर टेकून, रस्त्यापलीकडच्या वडेवाल्यालाही कळेल अशा आवाजात ओरडलो, "अ-लो-प्यु-रि-नॉल!" इतकी वर्षं ज्याने एका गोळीचं नाव कुणाच्या कानावर पडू दिलं नव्हतं, त्याने सबंध गल्लीला ऐकवलं. शहाशेठनी मान वळवून मागच्या कपाटाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, ही तर माझ्याकडे पन आहे. सांगायचा ना इतके दिवस."

पलीकडे खरखर थांबली. तरुण डॉक्टरचा आवाज बदलला.

"अझाथायोप्रिनवर? किती दिवस?"

"तीन आठवडे होत आले."

"ताप आहे?"

"आहे. तोंडही आलंय."

"सर, दोन्ही गोळ्या बंद. त्याला आत्ता घेऊन या. उद्या सकाळी नाही, आत्ता."

मी कांबळ्यांना दवाखाना बंद करायला सांगितलं आणि टॅक्सीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. मागे ही भावंडं. टॅक्सी घाटकोपरला आली. मग सुलोचनाताई म्हणाल्या, "आता तरी सांगशात, झाला काय?"

मी सांगितलं. शरीर परक्या वस्तूला आत राहू देत नाही. नवी किडनी बहिणीची असली तरी शरीराच्या लेखी परकीच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे बिल्डिंगचा गुरखा. तो नव्या भाडेकरूला हाकलून देईल. म्हणून हॉस्पिटलची गोळी त्या गुरख्याला जरा पेंगुळलेला ठेवते. पूर्ण झोपवायचं नाही, नाहीतर चोर शिरतील. डोस मोजून मापून. आणि काम झालं की ती गोळी शरीरातून मोडून बाहेर जाते.

"ती मोडायचं काम एक एन्झाइम करतं," मी म्हणालो. "शरीरातला एक कामगार समजा. युरिक ऍसिड बनवतो, तोही हाच. माझ्या गोळीने त्याला..."

"सस्पेंड केलं," परब मागून म्हणाला. तापातही त्याचा कारखाना जागा होता. "म्हणजे तुम्ही ज्याला घरी बसवलात, तोच पलीकडचं दुसरं मशीन पण बघत होता. ते मशीन आता कोणी बघत नाही."

"अगदी तसंच. हॉस्पिटलची गोळी आत साठत गेली. डोस तेवढाच, पण अंगात तिप्पट-चौपट. गुरखा पेंगुळला नाही, नाहीसाच झाला."

सुलोचनाताईंनी थोडा विचार केला. "म्हणजे ही गोळी पण चांगली. ती गोळी पण चांगली. आणि एकत्र देणारो..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मी खिडकीबाहेर बघितलं. एवढ्यात त्यांना काहीतरी सुचलं असावं, कारण त्या भावाकडे वळल्या. "पण तुझो अंगठो सुजलो कित्यान?"

टॅक्सी सायनला पोचेपर्यंत हळदीचं मटण परबच्याच तोंडून बाहेर आलं होतं. माझं वचन मोडलं नाही, एवढंच समाधान. पुढच्या रस्त्यात परबने मार खाल्ला नाही, तो फक्त ताप होता म्हणून.

रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे पाच-सात हजार तरी असाव्यात. परबच्या हजारालाही पोचत नव्हत्या. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, दाराबाहेर चपला, तोंडाला फडकं, आत एका वेळी एकच नर्स. सलाइनमधून अँटिबायोटिक्स.

आणि खरा पेच आता होता. अझाथायोप्रिन बंद ठेवली नाही, तर पेशी वाढणार नाहीत आणि साधा घशाचा संसर्ग त्याला घेऊन जाईल. जास्त दिवस बंद ठेवली, तर जागा झालेला गुरखा आधी किडनीवर हात टाकणार. स्टिरॉइडच्या आधाराने दोन्हीच्या मधून वाट काढायची होती. विभागाचे प्रमुख, पांढऱ्या मिशांचे एक शांत गृहस्थ, रोज सकाळी दोन आकडे बघायचे. एक पांढऱ्या पेशींचा, एक किडनीचा. पहिला वर जायला हवा होता, दुसरा जागेवर राहायला हवा होता.

दुपारी दवाखाना बंद असायचा, तेव्हा मी तिकडे जायचो. जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. व्हरांड्यात सुलोचनाताईंच्या शेजारी बाकावर बसायचं. त्या डब्यातून चपाती-भाजी आणायच्या आणि न विचारता अर्धी माझ्यापुढे ठेवायच्या. शिव्या दिल्या असत्या तर जास्त चवीने जेवलो असतो.

एकदा त्या दाराच्या काचेतून आत बघत उभ्या होत्या. वळल्या नाहीत, तशाच म्हणाल्या, "मागच्या येळाक डॉक्टरांनी इचारल्यानी, किडनी देशात काय? मी म्हटलंय, दोन आसत, एक दितंय. आता इचारल्यानी तर काय सांगू? माझ्याकडे एकच आसा."

मी डबा उघडून अर्धी चपाती आधी त्यांच्यापुढे ठेवली. त्या आठवड्यात मी केलेलं शहाण्यासारखं काम तेवढं एकच.

प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा मी शाळेत हेडमास्तरांपुढे जावं तसा गेलो. सगळा पाढा एका दमात वाचला. पुड्या, शहाशेठ, लपवलेली नावं, चहा मागवल्याचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"या दोन गोळ्या एकत्र देताच येत नाहीत असं नाही," ते म्हणाले. "अझाथायोप्रिनचा डोस पाव करून, दर आठवड्याला रक्त बघून देता येतात. पण मी स्वतःही शक्यतो टाळतो. तुम्हाला हे कुणी कधी सांगितलं होतं?"

"लेक्चरमध्ये. मी झोपलो होतो, सर."

ते पहिल्यांदाच हसले. "आम्ही पेशंटला सांगतो, आम्हाला विचारल्याशिवाय काही घेऊ नका. पण अंगठा दुखला की माणूस भांडुपहून इथे येत नाही, गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरशी आम्ही कधी बोललोच नाही. आणि एक सांगतो. असे पेशंट माझ्याकडे याआधीही आलेत. त्यांना पाठवणारे कधी बरोबर आले नाहीत. तुम्ही आलात म्हणून मला पहिल्या तासात कळलं, काय दिलंय आणि किती दिवस. एरवी दोन दिवस शोधण्यात गेले असते. ते दोन दिवस त्याच्याकडे नव्हते. शुक्रवारी आमची ओपीडी असते. येऊन बसत जा."

माझी डिग्री काढून घेतील अशी मनाची तयारी करून गेलो होतो. खुर्ची घेऊन बाहेर आलो. त्यानंतर कित्येक वर्षं मी शुक्रवारी तिथे जाऊन बसलो. जे थोडं वैद्यक मला येतं, ते तिथलं. त्या माणसाचे उपकार कसे फेडायचे ते मला कधी कळलं नाही, आणि त्यांनी ते मोजलेही नाहीत.

आठवडा उलटल्यावर पेशी हलल्या. आधी जराशा, मग बऱ्यापैकी. ताप उतरला. किडनीचा आकडा एकदा थोडा वर सरकला, त्या दिवशी व्हरांड्यात डबा तसाच बंद राहिला. मग तो परत जागेवर आला. अझाथायोप्रिन अर्ध्या डोसाने सुरू झाली, मग पूर्ण. गाउटसाठी प्रमुखांनी नवी गोळी न देता आधी जुनी एक काढली. परब लघवी जास्त व्हायची गोळी घेत होता, तिच्यामुळेही युरिक ऍसिड वाढतं. ती बंद केली. मटणाचा बंदोबस्त घरात झालाच होता.

डिस्चार्जच्या दिवशी तिथल्या नर्सने सुलोचनाताईंना सहज विचारलं, "आता फॅमिली डॉक्टर बदलणार असाल ना?" मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी तिथे नाही असं दाखवायला भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागलो.

"बदलूक कित्याक?" सुलोचनाताई म्हणाल्या. "ह्येंच्या आता जल्मभर ध्यानात रवतला. नवो डॉक्टर केलंव, तर तेका परत पयल्यापासून शिकवूचा लागतला."

माझ्या कामाबद्दल इतकं प्रामाणिक प्रशस्तिपत्र मला पुढे कुणी दिलं नाही. परब त्या किडनीवर पुढे रिटायर होईपर्यंत मशीनवर उभा राहिला आणि आजारी पडला की माझ्याकडेच यायचा, बहिणीला घेऊन.

आम्ही पुड्या बंद केल्या. गोळ्या स्ट्रिपसकट जायला लागल्या. काही पेशंट शहाशेठकडे गेले, त्यातले काही रिॲक्शन घेऊन परत आले. आता नव्या डॉक्टर मुलांना मी एवढंच सांगतो. नाडी बघा, जीभ बघा, आणि पेशंटची औषधांची पिशवी टेबलावर उपडी करून बघा. यातल्या तिसऱ्या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि त्याची वेगळी फी मागता येत नाही.